विश्लेषण : मॅगझिनमध्ये पाच काडतुसे, तरी पिस्तूल का चालले नाही? न उडालेल्या गोळीसाठी दहा वर्षांची शिक्षा कशी?

पिस्तूल चेहऱ्यापासून वीतभरही लांब नव्हते. मॅगझिनमध्ये ५ काडतुसे होती. चाप ओढला गेला आणि काहीच झाले नाही. अर्जेंटिनाच्या तत्कालीन उपाध्यक्षा क्रिस्टिना फर्नांडेझ दे किर्शनर यांच्यावर १ सप्टेंबर २०२२ रोजी झालेल्या या हल्ल्याचा निकाल ऑक्टोबर २०२५ मध्ये लागला. हल्लेखोराला १० वर्षांची शिक्षा झाली. मात्र ‘गोळी उडालीच नाही, मग हा हल्ला होता की बनाव?’ हा प्रश्न अर्जेंटिनात अजून विचारला जातो. त्याचे उत्तर राजकारणात शोधण्याआधी पिस्तुलाच्या आत शोधावे लागते.

नेमके काय घडले होते?

ब्युनोस आयर्समधील रेकोलेता या उच्चभ्रू भागात किर्शनर यांचे घर होते. भ्रष्टाचाराच्या एका खटल्यात सरकारी पक्षाने त्यांच्यासाठी १२ वर्षांच्या शिक्षेची मागणी केल्यापासून त्यांचे समर्थक रोज घराबाहेर जमत होते. त्या रात्री नऊच्या सुमारास किर्शनर गाडीतून उतरून गर्दीत मिसळल्या. कोणी हात पुढे करत होते, कोणी सहीसाठी पुस्तक. त्याच गर्दीतून फर्नांडो साबाग माँटिएल या ३५ वर्षांच्या तरुणाने पिस्तूल त्यांच्या चेहऱ्यासमोर धरले. किर्शनर यांना ते पिस्तूल आहे हे त्या क्षणी कळलेच नाही. खाली पडलेले पुस्तक उचलायला त्या वाकल्या आणि नंतरही काही वेळ लोकांना भेटत राहिल्या. हल्लेखोराला आधी घेरले ते समर्थकांनी. भोवती अंगरक्षक होते, तरीही.

त्याच रात्री अध्यक्ष अल्बर्टो फर्नांडेझ यांनी देशाला उद्देशून भाषण केले. पिस्तुलात ५ गोळ्या होत्या, चाप ओढला गेला होता, तरी ते चालले नाही आणि त्याचे तांत्रिक कारण अजून निश्चित झालेले नाही, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय सुटी जाहीर झाली. तपासात उत्तर मिळाले ते अगदी साधे होते. अर्जेंटिनाच्याच बेर्सा कंपनीचे, .३२ बोअरचे ते छोटे सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल न्यायवैद्यक चाचणीत गोळी झाडण्यास सक्षम ठरले. काडतुसेही मॅगझिनमध्ये होती. चेंबर मात्र रिकामे होते.

मॅगझिन भरले की पिस्तूल तयार होत नाही का?

नाही. बातम्यांमध्ये ‘पिस्तूल आणि पाच जिवंत काडतुसे जप्त’ असे वाक्य आपण रोज वाचतो, पण काडतुसे नेमकी कुठे होती याची नोंद क्वचितच असते. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात तेच महत्त्वाचे असते.

टेबलावरचा स्टेपलर आठवा. त्यातल्या पिनांना मागून एक स्प्रिंग सतत ढकलत असते. मॅगझिनही तसेच. मुठीत बसणारा एक पत्र्याचा डबा, आत एकावर एक रचलेली काडतुसे आणि त्यांना वर ढकलणारी स्प्रिंग. डब्याच्या तोंडाशी पत्र्याच्या दोन कडा आत वळलेल्या असतात. त्या सर्वांत वरचे काडतूस धरून ठेवतात, नाहीतर सगळी काडतुसे बाहेर उडतील. पिस्तूल चालायचे तर या कडांच्या तावडीतून काडतूस सुटून नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या पोकळीत, म्हणजे चेंबरमध्ये, जायला हवे. ते काम स्लाइड करते. स्लाइड म्हणजे पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग.

पहिल्या गोळीसाठी स्लाइड हातानेच मागे ओढून सोडावी लागते. पुढे येताना ती वरच्या काडतुसाला मागून धक्का देते, काडतूस एका छोट्या उतारावरून वर चढते आणि चेंबरमध्ये शिरते. पुढच्या गोळ्यांसाठी हेच काम गोळीच्या धक्क्याने आपोआप होते. स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि परतताना नवे काडतूस आणते. पापणी लवायच्या आत हे सगळे घडते. ‘सेमी-ऑटोमॅटिक’ हा शब्द या पुढच्या गोळ्यांसाठी आहे. पहिली गोळी कायम हाताची.

रिव्हॉल्व्हरमध्ये ही भानगड नसते. त्यात काडतुसे फिरत्या चक्रीच्या भोकांत बसलेली असतात आणि प्रत्येक भोक हेच चेंबर असते. आम्ही न्यूजडेस्कवर घाईत पिस्तुलाला रिव्हॉल्व्हर आणि रिव्हॉल्व्हरला पिस्तूल लिहून मोकळे होतो. अशा प्रकरणात मात्र तो फरक जीवन-मरणाचा असतो.

गोळी अडकते कुठे?

चेंबर रिकामे राहण्याची दोन कारणे असू शकतात. एक, स्लाइड ओढलीच नाही. दोन, ओढली, पण काडतूस वर आले नाही. बंदुकीची सवय नसलेला माणूस स्लाइड अर्धीच ओढतो, किंवा पूर्ण ओढून ती झटक्यात सोडण्याऐवजी हाताने धरून हळूहळू पुढे आणतो. मग स्प्रिंगचा जोर काडतुसापर्यंत पोहोचत नाही. मॅगझिन मुठीत ‘खट्’ आवाज येईपर्यंत बसले नसेल तरी तेच होते. काडतूस एकदोन मिलिमीटर खाली राहते आणि स्लाइड त्याच्या डोक्यावरून रिकामीच निघून जाते. बाहेरून पाहणाऱ्याला पिस्तूल तयार दिसते, हातात धरणाऱ्यालाही.

चालू पिस्तुलात गोळी चढताना अडकण्याच्या तऱ्हा वेगळ्या. कधी काडतुसाचे टोक उतारावर आपटून तिथेच थांबते. कधी ते चेंबरमध्ये जवळपास जाते, पण स्लाइड शेवटचे तीन-चार मिलिमीटर बंद होत नाही. कधी आधीची पुंगळी बाहेर पडत नाही आणि चिमणीसारखी उभी अडकून बसते. सर्वांत किचकट म्हणजे चेंबरमध्ये एक असताना मागून दुसरे काडतूस येऊन भिडते. चौथ्या प्रकारात नुसती स्लाइड ओढून भागत नाही, आधी मॅगझिन बाहेर काढावे लागते.

छोट्या पिस्तुलांनाच हा त्रास जास्त का?

कारण त्यांच्याकडे जागा आणि वेळ दोन्ही कमी असतात. मोठ्या पिस्तुलाची स्लाइड जड असते, ती लांब मागे जाते. तेवढ्या वेळात मॅगझिनची स्प्रिंग पुढचे काडतूस वर आणून ठेवते. खिशात मावणाऱ्या पिस्तुलात स्लाइड हलकी आणि तिचा प्रवास आखूड. ती वेगाने मागे जाऊन वेगाने परत येते. मॅगझिनची स्प्रिंग थोडीही थकलेली असेल तर काडतूस वेळेत पोहोचत नाही. लोकल पकडण्यासारखेच आहे हे. गाडी वेळेवर आली, प्रवासी जिन्यातच राहिला.

हलक्या स्लाइडला आवरायला मागची स्प्रिंग कडक ठेवावी लागते, म्हणून ती हाताने पूर्ण ओढणेही अवघड जाते. त्यात मूठ छोटी. पकड सैल असेल तर स्लाइडबरोबर अख्खे पिस्तूलच मागे जाते, स्लाइडचा प्रवास अपुरा राहतो आणि पुंगळी अडकते. दोष पिस्तुलाचा वाटतो, असतो मनगटाचा.

.३२ बोअरच्या काडतुसाची स्वतःची एक खोड आहे. जॉन ब्राउनिंग यांनी १८९९ मध्ये तयार केलेले हे काडतूस साधारण २५ मिलिमीटर लांबीचे असते. त्याच्या बुडाची कड अंगापेक्षा सुमारे अर्ध्या मिलिमीटरने रुंद असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली, तर दोघे एकमेकांत अडकतात. स्लाइडने कितीही ढकलले तरी वरचे काडतूस पुढे सरकत नाही. लांबीला आखूड, पोकळ टोकाची गोळी वापरली तर मॅगझिनमध्ये मागेपुढे जागा उरते आणि ही शक्यता वाढते.

आपल्याकडे हे दूरचे प्रकरण नाही. ९ मिलिमीटरचे पिस्तूल भारतात सामान्य परवानाधारकाला मिळत नाही, ते प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते. त्यामुळे स्वसंरक्षणासाठी परवाना घेणारे अनेक जण .३२ बोअरकडेच वळतात. पश्चिम बंगालमधील ईशापूर रायफल फॅक्टरीचे ‘अशनी’ पिस्तूल याच बोअरचे आहे.

बिघाड शोधतात कसा?

शस्त्रांची देखभाल करणारे आर्मरर आधी पिस्तूल उघडत नाहीत, आधी अडकलेले काडतूस कुठे थांबले ते पाहतात. स्लाइड काडतुसावरून रिकामी गेली असेल तर संशय मॅगझिनवर. टोक उतारावर अडकले असेल तर मॅगझिनच्या वाकलेल्या कडा, गोळीचा आकार किंवा साचलेली काजळी. स्लाइड शेवटी बंद होत नसेल तर घाणेरडे चेंबर, थकलेली स्प्रिंग किंवा काडतूसच मापाबाहेरचे.

मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची. अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत शिकवतात तोच हा नियम, आणि घाईत सगळ्यात आधी मोडला जातो तोही हाच. पहिल्यांदा मॅगझिन बदलून पाहतात, कारण पत्रा आणि स्प्रिंगचा हा डबाच सर्वांत जास्त पडतो, आपटतो, दबतो. म्हणूनच जाणकार मॅगझिनवर क्रमांक टाकून ठेवतात. एकाच क्रमांकाच्या मॅगझिनने दरवेळी अडत असेल तर शोध तिथेच संपतो. नसेल तर दुसऱ्या प्रकारची काडतुसे, मग साफसफाई, मग दुसऱ्याच्या हातात देऊन पाहणे. एवढ्यानंतरही अडत असेल तरच पिस्तुलाच्या सुट्या भागांकडे वळायचे.

परवानाधारकांनी इथे थांबायला हवे. उतार घासून गुळगुळीत करण्याचे, स्प्रिंग कापण्याचे व्हिडीओ मोबाइलवर ढिगाने मिळतात. शस्त्र कायदा, १९५९ नुसार शस्त्रदुरुस्तीचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही. त्यामुळे ओळखीच्या लेथवाल्याकडे पिस्तूल नेणे म्हणजे त्यालाही अडचणीत आणणे. शिवाय चुकीच्या जागी घासलेला धातू परत लावता येत नाही.

अडकलेले पिस्तूल चालू पिस्तुलाइतकेच धोकादायक असते, कारण गोंधळलेला माणूस त्याची नळी कुठेही फिरवतो. मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, हा गैरसमज सर्वांत जीवघेणा. चेंबरमधले एक काडतूस मॅगझिनबरोबर बाहेर येत नाही आणि अनेक पिस्तुले मॅगझिनशिवायही ती गोळी झाडतात. ब्युनोस आयर्समध्ये मॅगझिन भरलेले आणि चेंबर रिकामे होते. घरगुती अपघातांत नेमके उलटे असते. मॅगझिन आधी काढायचे, मग स्लाइड ओढून चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचे, हा क्रम त्यासाठीच आहे. चाप ओढूनही गोळी सुटली नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबायचे, हेही रेंजवर पहिल्याच दिवशी सांगतात. काडतूस उशिराही पेटू शकते.

‘चालले नाही म्हणजे बनाव’ हे खरे का?

किर्शनर यांच्या विरोधकांनी हल्ल्याच्या खरेपणावर उघड शंका घेतली. खरा मारेकरी पिस्तूल तयार न करता कसा जाईल, हा त्यांचा युक्तिवाद. ऐकायला पटतो. पण तो मारेकरी सराईत असतो असे गृहीत धरतो. हा हल्लेखोर आणि त्याचे साथीदार रस्त्यावर म्हातारीचे केस विकणारे होते. त्या धंद्यावरूनच माध्यमांनी त्यांच्या टोळक्याला नाव दिले होते.

आणि सराईतांच्या हातातही पिस्तूल अडते. उत्तर प्रदेशातील संभल जिल्ह्यात ऑक्टोबर २०१८ मध्ये चकमकीच्या वेळी पोलीस उपनिरीक्षकाचे पिस्तूल ऐनवेळी चालले नाही, तेव्हा त्यांनी तोंडानेच ‘ठांय ठांय’ असा आवाज काढला. तो व्हिडीओ देशभर फिरला, विनोद झाले. हसण्यावारी नेलेल्या त्या प्रसंगात समोर खरे आरोपी होते आणि हातात प्रशिक्षित पोलिसाचे सरकारी शस्त्र होते, हे बाजूलाच राहिले. न्यूयॉर्कमध्ये ४ डिसेंबर २०२४ रोजी विमा कंपनीचे प्रमुख ब्रायन थॉम्पसन यांची हत्या झाली, तेव्हाही हल्लेखोराचे पिस्तूल अडल्याचे सीसीटीव्हीत दिसले. त्याने ते तिथेच हाताने मोकळे केले आणि पुन्हा गोळ्या झाडल्या. पिस्तूल अडणे हा ना बनावाचा पुरावा, ना जीव वाचण्याची हमी.

कायदा रिकाम्या चेंबरकडे कसा पाहतो?

अर्जेंटिनाच्या दंडसंहितेत ‘अशक्य गुन्हा’ अशी कल्पना आहे. ज्या साधनाने गुन्हा घडूच शकत नव्हता, त्या प्रयत्नाची शिक्षा निम्मी करता येते, प्रसंगी माफही करता येते. त्यामुळे चेंबरचा प्रश्न तांत्रिक तपशील नव्हता, त्यावर शिक्षेची वर्षे अवलंबून होती. खेळण्यातले पिस्तूल असते तर गोष्ट वेगळी. इथे पिस्तूल चालणारे, काडतुसे खरी, फक्त एक हालचाल राहून गेलेली. न्यायालयाने हत्येचा प्रयत्न मानून साबाग माँटिएलला १० वर्षांची आणि त्याची मैत्रीण ब्रेंडा उलियार्ते हिला ८ वर्षांची शिक्षा दिली. तिसरा आरोपी निकोलास कारिसो निर्दोष सुटला.

हा पेच मुंबई उच्च न्यायालयाला दीडशे वर्षांपूर्वीच पडला होता. १८६७ च्या फ्रान्सिस कॅसिडी खटल्यात आरोपीने वरिष्ठावर बंदूक रोखली. ती भरलेली होती, पण ठिणगी पाडणारी टोपी तिच्यावर बसवलेली नव्हती. ती बसवली आहे असाच आरोपीचा समज होता. चाप ओढण्याआधी त्याला अडवले गेले. अशा बंदुकीतून गोळी सुटणे शक्यच नव्हते, म्हणून न्यायालयाने खुनाच्या प्रयत्नाचे कलम ३०७ लागू केले नाही. मात्र सोडलेही नाही, प्रयत्नाच्या सर्वसाधारण कलम ५११ खाली दोषी धरले.

दुसरे प्रकरण पुणेकरांना ठाऊक असते. २२ जुलै १९३१ रोजी फर्ग्युसन महाविद्यालयात वासुदेव बळवंत गोगटे यांनी मुंबई प्रांताचे हंगामी गव्हर्नर अर्नेस्ट हॉटसन यांच्यावर अगदी जवळून गोळी झाडली. हॉटसन वाचले. दारूगोळ्यात दोष असावा, किंवा खिशातल्या चामडी पाकिटाने आणि नोटांनी गोळी अडवली असावी, असे न्यायालयाने नोंदवले. ‘मरण येणे शक्यच नव्हते’ हा बचाव मुख्य न्यायमूर्ती बोमाँट यांनी मान्य केला नाही. मधे काही आडवे आले नसते तर नेहमीच्या क्रमाने खून झाला असता, एवढे पुरे, हा त्या १९३२ च्या निकालाचा गाभा आहे. विधी महाविद्यालयांत तो आजही शिकवतात. पुढे १९८३ मध्ये महाराष्ट्र सरकार विरुद्ध बलराम बामा पाटील या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही खुनाच्या प्रयत्नासाठी प्राणघातक जखम झालेली असणे आवश्यक नाही, असे म्हटले.

आता कलम ३०७ च्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम १०९ आहे आणि ५११ च्या जागी कलम ६२. कलम १०९ मध्ये कोणालाही इजा झाली नाही तरी १० वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. कलम ६२ मधले उदाहरणही बोलके आहे. दागिने चोरण्यासाठी कोणी पेटी फोडली आणि ती रिकामी निघाली, तरी तो चोरीचा प्रयत्नच. पेटीच्या जागी चेंबर ठेवून पाहा. ब्युनोस आयर्ससारखी घटना आपल्याकडे घडली तर सरकारी पक्ष गोगटे खटल्याकडे बोट दाखवेल आणि बचाव पक्ष कॅसिडीकडे. दोन्हींतला फरक चाप ओढला की नाही, इथे येऊन थांबेल. माझ्या मते चाप ओढलेला असेल तर बचावाची बाजू बरीच लंगडी पडते.

मग प्रकरण संपले का?

किर्शनर यांच्या दृष्टीने नाही. या हल्ल्यामागे कोणाचा पैसा, कोणाचे डोके होते, हा त्यांचा प्रश्न कायम आहे. त्याचे उत्तर ज्यात असू शकत होते तो हल्लेखोराचा मोबाइल तपास यंत्रणांच्या ताब्यात असतानाच फॅक्टरी रीसेट झाल्याचे आढळले. किर्शनर स्वतः आता नजरकैदेत आहेत. ज्या खटल्यामुळे त्या रात्री घराबाहेर गर्दी जमली होती, त्यातली त्यांची ६ वर्षांची शिक्षा जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली.